फेरीबोटीचा सूर

पोर्ट सईदच्या धक्क्यावर लोक त्या दोघांना जोडीनंच ओळखायचे. पण दसूकी तुला खरा किती कळला, असं कुणी विचारलं की शलबी चहाच्या ग्लासात बघत बसायचा. दसूकी वाजवणारा आणि शलबी फेरीबोटीवर दोर फेकणारा. दसूकीला नळाच्या थेंबातही सूर ऐकू यायचा. शलबीला लग्नातल्या टाळ्यासुद्धा वेळेवर जमत नसत. मित्राच्या डोक्यात काय वाजत असतं, ते त्याला पुरतं कधीच उमगलं नाही. एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. दसूकी जन्मभर एक सूर हरवण्याला भीत आला होता.

तो सूर कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीबोटीच्या भोंग्याचा. दसूकीचा बाप होडी घेऊन कालव्यातल्या जहाजांना भिडायचा, चामड्याची पाकिटं आणि खजूर विकायचा, आणि पैशांऐवजी खलाशी देतील ते घ्यायचा. धुकं पडलं की त्या भोंग्याच्या रोखानं होडी वल्हवत घरी यायचा. त्यानंच पोराला पहिली सिमसिमिया करून दिली. जहाजावरची इनॅमलची थाळी, तिच्यावर ताणलेलं कातडं, वर तीन काठ्यांची चौकट आणि सायकलच्या ब्रेकच्या दोरीतून उसवून काढलेल्या पाच तारा. पहिली तार त्यानं भोंग्याला जुळवली आणि म्हणाला, "हा सूर डोक्यातून गेला की घराची वाट गेली, समजलास?"

बाप हे सहज बोलून गेला असेल. पोरानं ते गाठीला बांधलं.

पुढं जहाजांनी दसूकीला काय काय दिलं! एका ग्रीक खलाशानं गिटार दिली. तेव्हा गावातली तरणी पोरं केसांना तेल चोपडून सिनेमातली गाणी म्हणत हिंडायची. सिमसिमिया म्हणजे कोळ्यांचं खेळणं. दसूकीनं गिटार घेतली, धक्क्यावर बसला, भोंग्याची वाट पाहिली आणि एक तार त्याला जुळवूनच पुढचं वाजवलं. मग एका इटालियन आचाऱ्याकडून अकॉर्डियन आलं, लाल, शिंपल्यासारखं चकाकणारं. गाव बघायला लोटलं. दसूकीनं भोंगा वाजल्यावर एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली, आणि भाता मिटला.

"काय झालं रे?" शलबीनं विचारलं.

"दोन पट्ट्यांच्या मधे राहतो तो. यात घर नाही."

"अरे वेड्या, लोक वाद्यात गाणं शोधतात, तू घर कसलं शोधतोस?"

"तुझी बोट धक्क्याला लागली नाही तर दोर कशाला बांधशील?" दसूकी म्हणाला. अकॉर्डियन महिनाभरात विकलं गेलं.

मग लढाई आली. कालव्याकाठची माणसं ट्रकांत भरून आत खेड्यांत पाठवली. फेरीबोट तिथंच राहिली, आणि दसूकीनं गिटार शेजाऱ्याला देऊन फक्त थाळीची सिमसिमिया बरोबर घेतली. एका शाळेच्या वर्गात पडदा लावून एका बाजूला दसूकीचं कुटुंब राहिलं, दुसऱ्या बाजूला शलबीचं. संध्याकाळी बंदरातली माणसं अंगणात गोल करून गायची. जी गाणी गावात जुनाट वाटायची, तीच आता बायका डोळे पुसत म्हणायच्या. रिझ्क नावाचा एक जाडजूड गवई होता, त्याची जीभ तिखट.

"दसूकी, तुझी तार खाली उतरलीय बघ. इथला चिखल खाऊन जड झाली!"

सगळे हसले, दसूकीही हसला. पण दुसऱ्या दिवशी पाटाच्या काठी तो गुणगुणायचा, थांबायचा, पुन्हा गुणगुणायचा.

"शलबी, हाच ना रे?"

"मला काय विचारतोस? मला दोर कळतो."

"तू तर बोटीच्या पोटात राहिलास इतकी वर्षं. सांग ना."

शलबीनं नाही म्हणून मान हलवली. हो म्हणावंसं वाटलं, पण इतक्या जिवाच्या गोष्टीत अंदाजानं बोलायचा धीर होईना. असंच वर्षामागून वर्ष गेलं. ब्रेकच्या तारा मिळत नव्हत्या, दसूकीनं कुंपणाची तार उकलून लावली. वाद्य बदलत गेलं, पहिली तार मात्र तो डोक्यातल्या त्या एका आवाजालाच जुळवत राहिला.

परत आले तो दिवस शलबी विसरला नाही. बोचकी, पोरं, कोंबड्या घेऊन सगळे धक्क्यावर उभे, आणि समोरून तीच फेरीबोट येत होती, रंग उडालेली. दसूकीनं बोचकं खाली टाकून सिमसिमिया काढली. भोंगा वाजला. त्यानं पहिली तार छेडली.

जुळलं नाही. शलबीला ते दसूकीच्या चेहऱ्यावरून कळलं. वाळूचा ढीग खचावा तसा तो चेहरा खचला. भोंगा पुन्हा वाजला, त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि हळूच म्हणाला, "माझी तार बरोबर आहे. बोट चढलीय."

"ऐका हो ऐका!" रिझ्क ओरडला. "बोट चढली म्हणे! सरकारनं बढती दिली असेल!"

धक्काभर हशा पिकला. दसूकी हसला नाही. त्यानंतर वाद्य खुंटीला लागलं. शलबी पुन्हा कामावर रुजू झाला, दसूकी दारात बसून राहायचा.

मग एके सकाळी शलबीला रंगाचा डबा देऊन बोटीच्या छतावर चढवलं. भोंगा रंगवताना त्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. कड बोटभर कापली गेली होती. तोफगोळ्याच्या तुकड्यानं उडवलेली, मग कुणीतरी कानस मारून सारखी केलेली. भोंगा तेवढा आखूड झाला होता, म्हणूनच त्याचा सूर चढला होता. इतकी वर्षं, दुसऱ्यांच्या शेतांत, कुंपणाच्या तारेवर, त्या माणसानं तो सूर केसाइतकाही ढळू दिला नव्हता.

रंगानं माखलेल्या हातांनीच तो चहाच्या टपरीवर गेला आणि सांगून टाकलं. दसूकीही त्या दिवशी तिथं येऊन बसला होता. रिझ्क उठला, दसूकीच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "उस्ताद, आता मलाही कुणीतरी कानस मारा."

सगळ्यांना वाटलं, आता हा आपली तार मिरवणार. दसूकीनं वाद्य मागवलं आणि पहिली तार किंचित वर चढवली.

"अरे, बरोबर तर तू होतास!" शलबी म्हणाला.

"आपण गेलो, बोट राहिली. मार तिनं खाल्ला. आता आपणच तिच्याकडे जायचं."

नंतरच्या काळात लग्नांत कर्णे आले, कीबोर्ड आले. दसूकीनंही हौसेनं कीबोर्ड घेतला. त्याला सूर बारीक वरखाली करायची चकती होती, म्हणून तो त्याचा भारी लाडका. पण कानाशी ते कर्णे वर्षानुवर्षं गरजले, आणि म्हातारपणी कान गेले. मग कीबोर्डाचा उपयोग उरला नाही. पुन्हा थाळीचीच सिमसिमिया हातात आली. गंमत म्हणजे आता पोरंटोरं तीच ऐकायला मागायची.

परवा जुनी पहिली तार तुटली, नवी लावली. दसूकीनं शलबीला धक्क्यावर नेलं. एक तळवा कठड्यावर ठेवला. बोट आली की तिथं थरथर लागायची.

"मला ऐकू येत नाही. आज तूच माझा कान," तो मोठ्यानं म्हणाला.

"अरे, मला टाळी जमत नाही!" शलबीनं हात हलवून खुणेनं सांगितलं. दसूकीनं लक्षच दिलं नाही.

भोंगा वाजला, तार वाजली. शलबीनं जीव कानात आणला. दोन आवाजांच्या मधे काहीतरी फडफडत होतं, अडकलेल्या पाखरासारखं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. दसूकीनं तार ताणली. पुढच्या खेपेला फडफड संथ झाली. त्याच्या पुढच्या खेपेला भोंगा वाजला, तार वाजली, आणि पाखरू बसलं. आवाज एकच झाला, पाण्यासारखा सपाट, आणि तो कालव्यावरून दूर गेला. शलबीचा हात आपोआप वर गेला, थांब म्हणून. आयुष्यभर ज्याच्या शेजारी बसलो ते हे होतं तर.

दसूकीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तेवढं त्याला पुरेसं झालं. वाद्य फडक्यात गुंडाळून तो उठला.

"उद्या बाजारात जाशील ना?" त्यानं विचारलं.

शलबीनं मान डोलावली.

"बोई मासळी मिळाली तर आण. लहान आण, मोठी शिळी असते."

"आणतो," शलबी त्याच्या कानाशी ओरडला. "पण साफ तू करायची."