काढून टाकलेली चिप

दसऱ्याच्या आयुधपूजेला रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचा, कुंकवात भिजलेला तो कच्चा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. कमरीपेठेतल्या एका अण्णांच्या पत्रावळ्या दाबायच्या मशीनचा कंट्रोल बोर्ड मी बनवला होता. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की तिथलं व्होल्टेज पडायचं, आणि अशा वेळी प्रोसेसर धड चालत नाही, धड बंदही होत नाही. भ्रमिष्टासारखे वाटेल ते हुकूम सोडतो. म्हणून मी एक चिमुकली चिप बसवली होती. व्होल्टेज सुधारेपर्यंत ती प्रोसेसरला रीसेटमध्ये, म्हणजे पूर्ण थांबवून, दाबून धरायची. पण तेवढा वेळ मशीन थांबतं, कामाचा खोळंबा होतो, म्हणून अण्णांनी ती कुणाकडून तरी काढून टाकली. मग एका दुपारी गिरणी सुरू झाली, दिवे मंदावले आणि पेडलवर पाय नसतानाच तापलेला साचा पानं लावणाऱ्या बाईच्या हातावर बसला. कळल्यावर मी तावातावाने गेलो, तेव्हा तिथं आयुधपूजेची तयारी चालली होती. "अण्णा, चिप कुठाय?" "सुम्निर!" ते मला गप्प करत खेकसले, "दृष्ट लागलीय मशीनला." त्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला, मग कोहळा उचलला. दारात ती बाई बँडेज बांधलेला हात धरून उभी होती. तिला म्हणाले, "अक्का, बाजूला हो, इथं फोडायचाय." आता अण्णा मला पूजेला बोलावत नाहीत. तरी मी दर वर्षी जातो, आणि आरतीच्या आधी सगळ्यांदेखत बोर्डाचं झाकण उघडून चिप जागेवर आहे का ते बघतो.