नळीतली फुंकर

कचेरीचे दोन जिने चढलो की मला धाप लागायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला आणि सोबत आलेल्या बायकोला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. दोघांचीही फुंकर कमजोर निघाली. आजार काही नव्हता. जन्मात कधी व्यायाम केला नव्हता, एवढंच.

मी रोज सकाळी स्टेशनपर्यंत झपाझप चालायला आणि पुढे पळायला लागलो. बायकोला पळणं पटेना. "मी वजनं उचलते," म्हणाली आणि सरळ व्यायामशाळेत गेली. तिथं जाणारी आमच्या गल्लीतली ती पहिलीच बाई. पहिल्या आठवड्यात हात इतके दुखले की तिला वेणी घालता येईना, पण तिनं एकही दिवस चुकवला नाही.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा फुंकलं. दोघांचीही फुंकर वाढली होती, माझी जरा जास्त. मी खूश झालो.

"हसून काहून राहिले? घरात गॅसची टाकी कोण उचलते, ते सांगा की डॉक्टरांना," बायको म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "दोघंही बराबर आहात. आता अदलाबदल करा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत पळाली. संध्याकाळी मी व्यायामशाळेत गेलो, आणि वजन कसं धरायचं हे तिनंच मला शिकवलं.