गूळ आधी कडेला धरतो

श्रीगोंद्याहून नगरला येणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. वय साठीपुढचं, कपड्यांना ताज्या गुळाचा वास. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ शिजवतोय, हे त्यांनी बसता बसताच सांगितलं. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळायची सवय, जणू चिमटीत पाकच आहे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मांडीवर त्या दिवशीच्या तासाचं नारिंगी चित्र होतं. गेल्या वर्षी याच विषयावर अख्खा वर्ग पेंगला होता, म्हणून जरा धास्तीच होती.

“काहिलीतल्या उकळत्या रसाचा फोटू हाय व्हय?”

“नाही काका, ताऱ्यांच्या मधला हायड्रोजन वायू आहे. मोठे तारे फुटले आणि त्यांनी वायू चहूकडे ढकलला. मधे पोकळी राहिली, भोवती हे कवच. ते ओलांडायला प्रकाशालासुद्धा शेकडो वर्षं लागतात.”

ते चित्राकडे बघत राहिले. बोटं थांबली.

“मंग नवे तारे कडंलाच धरत असतील.”

मी चमकलो. माझ्या टिपणाच्या शेवटच्या पानावर नेमकं हेच होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“गूळ गार व्हाया वाफ्यात ओतला, की आदी कडंलाच धरतो की, सर.”

थोड्या वेळानं ते उतरून गेले.

वर्गात शेवटच्या पानाशी आलो तेव्हा कागद बाजूला ठेवून मी त्यांचंच वाक्य सांगितलं. ऊसपट्ट्यातली मागच्या बाकावरची मुलं सरळ बसली. एका मुलीनं हात वर केला.

“पण सर, कडेचा गूळ खरवडून मधे घ्यावा लागतो. तिथं आकाशात कोण घेतं?”

हा प्रश्न त्यांच्याकडे न्यायला तरी काकांचं नाव विचारून ठेवायला हवं होतं.