पडायला निघालेलं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरच्या शेडमध्ये नोकरी करते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "भीती नाही वाटत?" वाटते. पण तेवढं सांगून भागत नाही. नेमकी कशाची वाटते, ते सांगायला एक किस्सा काढावा लागतो, त्यातून दुसरा निघतो, चहा गार होतो आणि ऐकणारा म्हणतो, "मी आपला एसटीनेच जाईन बाई!"

आमची शेड मुरबाडच्या पुढे, माळावर. हेलिकॉप्टर एकच, लहान, चार जणांचं. विजेच्या टॉवरच्या मोठ्या लाइनी वरून तपासायच्या, हे काम. माणसंही चारच. चालवणारे कॅप्टन राणे, सैन्यातून निवृत्त झालेले. इंजिनियर सामंत सर. इंधन, आग विझवायची बाटली, गेट आणि चहा हे सगळं सांभाळणारे पष्टेकाका. आणि मी मनीषा, सापगावची, टेक्निशियन.

* * *

पहिल्याच दिवशी सामंत सरांनी माझ्या हातात झाडूचा बांबू दिला. म्हणाले, "तळहातावर उभा धर."

धरला. बांबू पुढे गेला, मी पुढे गेले. डावीकडे कलला, मी डावीकडे पळाले. पार टेबलावर जाऊन आपटले.

"विमानाला वाऱ्याचा धक्का बसला तर ते बरंचसं आपलं आपण सावरतं," सर म्हणाले. "हे आपलं हेलिकॉप्टर सावरत नाही. जरा कललं की कलतच जातं. ते सारखं पडायला निघालेलं असतं आणि कॅप्टन त्याला सारखे अडवत असतात. तुझ्या हातातल्या बांबूसारखं."

पष्टेकाका दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग असला घेतलाच कशाला? दुसरा नव्हता काय?"

सर हसले. "काका, ते एका जागी थांबतं, मागे जातं, आडवं सरकतं. विमानाला जमतं का? जे कुठंही जाऊ शकतं..."

"ते कुठंबी जाऊ शकतं!" काका म्हणाले, आणि चहा ठेवून बाहेर गेले.

त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

* * *

शेपटीवरचा छोटा पंखा कशाला असतो, हे मला सरांनी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर बसवून शिकवलं. पाय वर घ्यायला लावले आणि म्हणाले, "हात जोरात उजवीकडे फिरव." हात उजवीकडे गेले, खुर्ची डावीकडे! वरची मोठी पाती एका बाजूला फिरली की खालचा सांगाडा दुसऱ्या बाजूला गरगरायला बघतो. त्याला सरळ धरून ठेवतो तो शेपटीचा पंखा.

पण तो पंखा फिरायला लागला की दिसत नाही. खरंच दिसत नाही. तिथे नुसती हवा आहे असं वाटतं.

एकदा लाइनीची पाहणी करायला एक साहेब आले होते. इंजिन चालू, पाती फिरतायत. साहेबांना फोटो हवा होता. मोबाइल समोर धरून ते मागे मागे सरकत थेट शेपटीच्या दिशेने निघाले. मी ओरडले, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी धावले, तर मधे इंधनाची नळी पसरलेली.

तेवढ्यात पष्टेकाका कुठून आले कळलं नाही. त्यांनी साहेबांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना घेऊन जमिनीवर आडवे झाले! पांढरा शर्ट मातीत. मोबाइल तिकडे.

इंजिन बंद झाल्यावर साहेब लालबुंद होऊन उठले. "हा काय प्रकार आहे? मला पाडलंत तुम्ही!"

काकांनी थांबत आलेल्या पंख्याकडे बोट दाखवलं. आता त्याची पाती दिसू लागली होती.

"साहेब," काका म्हणाले, "तुमी पडलात म्हणून तर उठलात."

* * *

वजनाचा किस्सा मात्र कॅप्टन स्वतः सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

हेलिकॉप्टर वरच्या पात्यांना लटकलेलं असतं. पुढे वजन जास्त झालं तर नाक खाली जातं. मग चालवणारा हातातली स्टिक मागे ओढून ते सावरतो. पण स्टिक मागे जाऊन जाऊन किती जाणार? ती टेकली की संपलं. म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन आधी लिहून घ्यायचं, असा नियम.

एक अधिकारी आले, चांगले भरदार. आमचा काटा त्या दिवशी बिघडलेला. त्यांनी स्वतःच सांगितलं, "ऐंशी."

कॅप्टननी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नक्की?"

"ऐंशी म्हणजे ऐंशी! डॉक्टरकडे केलंय."

ते पुढे बसले. कॅप्टननी हेलिकॉप्टर जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललं. नाक खाली. मी बाहेरून बघत होते. कॅप्टनचा स्टिकवरचा हात मागे मागे जात पोटाला लागला. हेलिकॉप्टर तसंच पुढे झुकत सरकायला लागलं. माझे हात आपोआप वर झाले, जणू मीच ते धरणार होते.

कॅप्टननी हलकेच खाली टेकवलं. पाती थांबू दिली. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, डॉक्टरांचं आणि हेलिकॉप्टरचं एकमत होत नाहीये."

साहेबांनी पट्टा सोडला. मग म्हणाले, "शंभर... आणि वर थोडं."

* * *

माझी हळद. सापगावला आमच्या अंगणात मांडव. सकाळी दहाचा सुमार, तोंडभर हळद लागलेली, बायका गातायत. आणि मला आठवलं: आदल्या दिवशी पात्याजवळचा एक सांधा मी खोलून परत जोडला होता. त्याच्या नटमध्ये एक बारीक पिन घालायची असते. ती घातली का?

आठवेना. नट आठवतो, पाना आठवतो, पिन आठवेना.

सामंत सर मांडवातच पोहे खात होते. माझ्या कामावर दुसरी नजर त्यांचीच. मी तशीच उठून त्यांच्यापुढे उभी राहिले. "सर, कालची पिन तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली की." त्यांनी चमचा खाली ठेवला. "बहुतेक."

कॅप्टन अकराला उडणार होते. फोन लावले, पण शेडमध्ये सगळ्यांचे फोन दाराजवळच्या पेटीत असतात. कुणीच उचलेना. मी सरांच्या गाडीत जाऊन बसले. आई गाडीमागे धावत, "अगो, निघालीस कुठं? हळदीची नवरी हायस तू!"

माळावर पोचलो तेव्हा कॅप्टन हेल्मेट चढवत होते. मी शिडी लावली, पिवळ्याधमक हातांनी वर चढले, पाहिलं. पिन होती. नीट वळवलेली, जशी हवी तशी.

मी शिडीवरच रडायला लागले. "सॉरी सर. उगाच थांबवलं."

कॅप्टन वर आले. स्वतः पिनेला बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "आठवडाभर सुट्टीवर ना तू?"

"हो सर."

"मग आठवडाभर मी उडत नाही."

* * *

आणि हा शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

पात्यांच्या मुळाशी डॅम्पर असतात, पात्यांची आगेमागे होणारी हालचाल शोषून घेणारे. एक जुना झाला होता, मी नवा बसवला. तो नवाच आतून निकामी होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच ठाऊक होतं, की तो मी बसवलाय.

जमिनीवरच चालवून तपासायचं होतं. आकडे वाचायला मी कॅप्टनच्या शेजारी बसले. तोवर मी कधीच उडाले नव्हते.

पाती पूर्ण वेगात आली आणि सीट हलायला लागली. आधी बस खडीवरून जावी तशी. मग दुप्पट. मग कुणीतरी आम्हाला दोन बाजूंनी धरून झटकतंय असं. मला आकडे दिसेनात, स्वतःचे गुडघेही दिसेनात. सरांनी शिकवलेलं आठवत होतं: पाती आणि हेलिकॉप्टर ज्यांवर उभं राहतं त्या खालच्या दोन नळ्या एका लयीत हलायला लागल्या, की काही क्षणांत हेलिकॉप्टर उभ्या जागी मोडतं. मला वाटलं, आता कॅप्टन बंद करतील.

त्यांनी उचललं!

जमीन सुटली आणि एकदम सगळं शांत. खाली सामंत सर दोन्ही हातांनी गवताचा मऊ तुकडा दाखवत होते. त्यांच्या मागे पष्टेकाका आग विझवायची बाटली घेऊन तयार.

"जमिनीचा आधार सुटला की थांबतं," कॅप्टन सहज आवाजात म्हणाले. "पण उतरायला तर लागणार. टेकलो की पुन्हा सुरू होईल कदाचित. मी लगेच बंद करीन. तू कशाला हात लावू नकोस."

"सर, मी बसवला होता तो."

"माहीत आहे. पट्टा घट्ट कर."

आम्ही गवतावर आलो. दोन्ही नळ्या एकदम टेकल्या. सीट हलली, पुन्हा हलली, इंजिन बंद झालं, आणि पात्यांचा वेग उतरत गेला तशी ती थरथर दम लागलेल्या माणसासारखी हळूहळू निवली. पाती थांबली. माळावर टिटवी ओरडली ती ऐकू आली.

मी पट्टा सोडला. दार उघडलं. कॅप्टन तसेच बसलेले, समोर बघत, उजवा हात स्टिकवर.

"सर, उतरायचं ना?"

"मनीषा," ते म्हणाले, "माझी बोटं सोडव जरा."

मी पहिलं बोट धरलं.

"हळू," ते म्हणाले. "एकेक."