टॉमचा किल्ला, पेंडल हिल

किस्से मागवावे लागत नाहीत, आपले आपण येऊन पडतात. कोविडच्या वर्षी इथे कांगारूंच्या देशात, माझ्या पेंडल हिलच्या दुकानात कणीक टिकत नव्हती, पण किस्से ठेवायला जागा नव्हती. त्यातले निम्मे एकट्या टॉमचे.

टॉम मूळचा आयर्लंडचा, सत्तरी ओलांडलेला, मागच्या गल्लीत एकटा राहणारा. दुकानात एका वेळी चारच गिऱ्हाइकं, बाकीची बाहेर, फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या गोलांवर. एक दिवस टॉम आपल्या गोलावरून गावच्या किल्ल्याची गोष्ट सांगायला लागला. "परक्या सरदाराने बांधला, आम्ही जाळला. त्याने परत बांधला, आम्ही परत जाळला." हवापाण्याबद्दल बोलावं तसा सूर. रांगेतली कुरकुर थांबली. मी व्यापारी माणूस, दुसऱ्या दिवसापासून सावलीतला गोल टॉमला राखून ठेवला.

त्याची मोठी बहीण नोरा तिकडे आयर्लंडला, त्याच गावातल्या केअर होममध्ये होती. खिडकीतून तो किल्ला दिसायचा. तिचं विसरणं वाढत चाललं होतं, आणि कोविडमुळे इकडून देश सोडायला सरकारी परवानगी लागायची, ती टॉमला दोनदा नाकारली होती. "ती मला ओळखते तोवर पोचायचंय," एवढंच म्हणायचा, आणि पुढचा वेढा सुरू करायचा.

*

रांगेतलाच आमचा अभय पुण्याचा, सह्याद्री पालथा घातलेला. सगळं ऐकून त्याने विचारलं, "वर पाण्याची सोय काय होती?"

टॉम म्हणाला, "मेट, आयर्लंडमध्ये पाणी आत येऊ कसं द्यायचं नाही, हा प्रॉब्लेम असतो."

*

एका वेढ्यात आतल्यांनी घोडेसुद्धा खाल्ले म्हणे. अभय कळवळला, "मग फितूर कोण झालं?"

"आचारी. रोज तेच शिजवून कंटाळला होता."

*

दिवाळीत माझी मुलगी ईशा मागच्या अंगणात मातीचा किल्ला करते. त्या वर्षी टॉम खुर्ची टाकून शेजारी बसला आणि तिच्याकडून आपल्या गावचा किल्ला करून घ्यायला लागला. "तो बुरुज पाड. तोफेने पडलाय."

"But I just made it!"

"सॉरी लव्ह, त्यांचंही हेच म्हणणं होतं."

छप्परही काढायला लावलं. छप्पर नसेल तर घरपट्टी नाही, म्हणून शेवटच्या मालकाने ते स्वतःच उतरवलं होतं. तो मालक मला फार आवडला.

अळीव उगवून उतार हिरवे झाले, तेव्हा टॉम खुर्ची पुढे ओढून बसला. मग ईशाने दारात दोन मावळे उभे केले. त्याने चष्मा लावून पाहिलं. "राहू देत. आजवर जे आले त्यांच्यापेक्षा बरे दिसतायत."

*

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ईशाने पणत्या लावल्या. आयर्लंडमध्ये तेव्हा सकाळ. टॉमने नोराला व्हिडिओ कॉल लावला आणि गुडघे टेकून फोन जमिनीलगत धरला. स्क्रीनवर किल्ला केवढा तरी मोठा दिसत होता. पणत्यांच्या धुरात पडका बुरुज, खाली हिरवळ.

नोरा पाहतच राहिली. मग म्हणाली, "टॉम? तू खाली किल्ल्याशी आलायस? थांब, कोट घालते."

टॉमने फोन आणखी जवळ नेला, अगदी किल्ल्याच्या दारापर्यंत.

"सावकाश ये, नोरा," तो म्हणाला. "पायऱ्या ओल्या आहेत."