वाराबंद मावशी आणि ताईची भिंत

कुणाच्याही घरी गेली की वाराबंद मावशी आधी बसत नाही. आधी पिशवीतून एक काडी काढते. काडीच्या टोकाला पातळ कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ती काडी धरून मावशी भिंतीभिंतीने फिरते. खिडकीची चौकट, दाराचा उंबरा, छताचा कोपरा. कुठेतरी पट्टी फडफडते. मग मावशी वाऱ्याला म्हणते, "सापडलास का, चोरा?"

त्यानंतर तिला चहा चालतो.

ऊब बाहेर जाऊ नये म्हणून जुन्या घरांच्या फटींत आणि पोकळ्यांत फोम मारायचा, हा तिचा धंदा. व्हॅनमध्ये दोन पिंपं, त्यांना जोडलेली लांबलचक नळी, नळीच्या टोकाला बंदुकीसारखा फवारा. पांढरा डगला घालून आणि तोंडावर मुखवटा चढवून ती माळ्यावर शिरली की चंद्रावरून कुणी उतरल्यासारखं वाटतं. फवाऱ्यातून पातळ रस येतो, आणि पाहता पाहता उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगतो. फुगतो आणि तसाच घट्ट होतो. मग वर आलेला भाग ती लांब पात्याच्या करवतीने कापून काढते.

"फोम आणि पाहुणा सारखेच," ती सांगते. "बोट दिलं की हात धरतात. जागा बघूनच आत घ्यायचं."

हात तिचा बेतशीर. खोड एकच. फट दिसली की तिला राहवत नाही. एकदा दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत तिने खिडकीच्या चौकटीत कापूस कोंबला होता. तोही डॉक्टरांचाच.

अशा बाईच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं घर गल्लीतलं सगळ्यात गार घर होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घर ताईच्या सासऱ्यांनी बांधलेलं. वर कौलं, खाली फळ्यांचं छत, मध्ये मोकळा माळा. हिवाळ्यात घरातली ऊब त्या माळ्यातून सरळ आभाळात जायची. भाऊजी जेवायलाही कानटोपी घालून बसायचे. त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची. मागच्या थंडीत ती इतकी वाजली की डॉक्टरांनी सांगितलं, पुढची थंडी या घरात नको.

पोराचा फ्लॅट होता, उबदार. "दोघंही माझ्याकडे या," असं तो कधीपासून म्हणत होता. आता म्हणायला लागला, "आई येत नसेल तर बाबांना तरी नेतो."

भाऊजी ताईशिवाय राहणार नाहीत. ताई घराशिवाय राहणार नाही. आणि फोम म्हटलं की ताईच्या कपाळावर आठी.

"माझ्या भिंतीत तुझा तो साबणाचा फेस नको. घराला श्वास घेऊ दे."

"घर घेतंय गं ताई. भाऊजींचाच बंद पडतोय."

"त्यांना सवय आहे बाऊ करायची. हे घर गार नाहीच मुळी. तुम्ही सगळे नाजूक झालात."

लग्न होऊन आली त्या वर्षीच ताईने हे सासूसमोर म्हटलं होतं. तेव्हापासून ती त्या वाक्यात अडकली होती. बोललेलं परत घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग नातीचं शाळेत नाटक आलं. ताई पोराकडे मुक्कामाला निघाली. भाऊजींचा गुडघा ऐन वेळी दुखायला लागला. ताई गल्लीच्या वळणापलीकडे जाताच तो बरा झाला, आणि त्यांनी मेहुणीच्या हातावर घराची किल्ली ठेवली.

"फक्त माळा हं, मेहुणीबाई," ते म्हणाले. "तेवढ्याने माझं भागेल. जास्त काही करू नकोस."

"मी कधी जास्त करते का?"

माळा झाला. छान झाला. मावशी खाली उतरली, मुखवटा काढला, आणि सवयीने काडी काढली. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या भिंतीपाशी ताईचं विणकामाचं स्टूल असतं. तिथे कागदाची पट्टी आडवी झाली. फडफडली नाही, आडवीच झाली. इतकी निर्लज्ज फट मावशीने आयुष्यात पाहिली नव्हती.

तिचे हात शिवशिवले.

भिंत बाहेरून विटांची, आतून फळ्यांची, मध्ये पोकळ. बाहेरून विटांच्या सांध्यांत तिने बारीक भोकं पाडली, पोकळीत फोम सोडला, भोकं बुजवून वर रंग लावला. एका ठिकाणी अंदाज चुकला. आतल्या बाजूला, कपड्यांच्या खुंटीमागे, फळीच्या गाठीतून एक पिवळट गड्डा बाहेर आला. मावशीने तो करवतीने कापला. अर्धा राहिला. त्यावर तिने भाऊजींचा कोट अडकवला. मग घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी टाकली आणि वास जाईपर्यंत भाऊजींना आपल्या घरी नेऊन बसवलं.

ताई परत आली. दारातच थबकली. मग स्वेटर काढला.

"बघा," ती विजयी सुरात म्हणाली, "ऐन थंडीतसुद्धा स्वेटर लागत नाही. उगाच माझ्या घराची बदनामी."

भाऊजींनी मान डोलावली. कानटोपी त्यांनी आधीच लपवली होती.

कोट धुवायला काढला तेव्हा गड्डा दिसला.

"अहो, हे काय उगवलंय?"

"बुरशी," भाऊजी म्हणाले. "जुन्या लाकडाला येते."

ताईने गड्डा दाबून पाहिला, हुंगला, आणि कोट बादलीत टाकला.

भाऊजींच्या छातीतली शिट्टी बसत चालली. मावशी हवेत तरंगत होती. एका दगडात दोन पक्षी: भाऊजी बरे, ताईचा हट्टही शाबूत.

पण हळूहळू ताई गप्प गप्प राहू लागली. मावशी एकदा गेली तर ती स्टुलावर बसून होती, सुया मांडीवर तशाच. खिडकीबाहेर शिंप्याच्या दुकानापुढच्या बाकावर शिंपी आणि पाववाला हसून हसून लोटपोट होत होते.

"काय झालं गं त्यांना?" मावशीने विचारलं.

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. ताई कुणाच्या दारात जाऊन चौकशी करणारी नव्हे. तो तिचा अभिमान. तरीही गल्लीतली खडान्‌खडा बातमी तिला असायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणी नोकरी सोडली, शिंप्याने कुणाची विजार तोकडी शिवली. सगळं त्या स्टुलावर बसल्या बसल्या. बातम्या वाऱ्यावर यायच्या. आणि वारा मावशीने बंद केला होता.

"मला ऐकू येईनासं झालंय," ताई हळूच म्हणाली. "जवळचं येतं. लांबचं गेलं. सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं."

"छे गं! काहीतरीच! डॉक्टरला दाखवू या."

"नको. डॉक्टर 'हो' म्हणाला तर?" तिने सुया उचलल्या, परत ठेवल्या. "गल्ली ऐकू येत नसेल तर हे घर काय नि तो फ्लॅट काय. पोराला सांगते, ने आम्हाला."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या घरात दोघांनी राहावं म्हणून एवढा उपद्व्याप केला, तेच घर त्या उपद्व्यापाने सुटायला निघालं होतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

ती स्वयंपाकघरात भाऊजींपाशी गेली. दोघं मोरीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून कुजबुजले.

"सांगून टाकू या," मावशी म्हणाली.

"तू सांग. फोम तू मारलास."

"किल्ली कुणी दिली?"

"मी माळ्याची दिली होती. भिंतीची नव्हे."

"भाऊजी, भिंतीला किल्ली नसते!"

"म्हणूनच म्हणतो, माझा संबंध नाही."

निर्णय झाला नाही. दोघंही ताईला घाबरत होते, आणि घाबरणारी माणसं कुजबुजतात फार, ठरवत काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ताईचे कान झपाट्याने बिघडले. आता जवळचंही येईना. भाऊजींना मीठ मागायचं तर उठून खाणाखुणा कराव्या लागत. "मोठ्याने बोला!" ती ओरडायची. भाऊजींचा घसा बसला. त्यातच ताईने आवराआवर काढली. माळ्याच्या जिन्याखालच्या जड पेट्या भाऊजींना एकेक करून दारापाशी ओढायला लावल्या. भाऊजी घामाघूम झाले. त्या घरात घाम येण्याची ती पहिलीच वेळ.

"गाडी कधी येणार?" भाऊजींनी ओरडून विचारलं.

"उद्या सकाळी."

सकाळी मावशी धावतच आली. रात्रभर तिने मनात शब्द जुळवले होते. ताई स्टुलावर बसली होती.

"ताई, माझं ऐक. तू बहिरी नाहीस."

"काय?"

"तू बहिरी नाहीस!"

"इथे घुमतं गं नुसतं. बाहेर जाऊन मोठ्याने बोल. मोकळ्यावरचं कदाचित येईल."

मावशी बाहेर गेली. खिडकीखाली उभी राहिली. ओरडली. आत ताईने कानामागे हात धरला आणि मान हलवली. खिडकी बंद, भिंत फोमने भरलेली. मावशीचंच काम, आणि काम पक्कं. शिंपी टेप गळ्यात टाकून बाहेर आला. पाववाला आला. त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंही आली. मावशीने डोळे मिटले आणि सगळी हवा छातीत भरली.

"ताई! मी तुझ्या घरात चोरून फोम मारला! माळ्यात मारला, भिंतीतही मारला! भाऊजी फक्त माळा म्हणाले होते, मलाच राहवलं नाही! तू बहिरी नाहीस, मीच मूर्ख आहे!"

शिंपी बाकावर सरसावून बसला.

खिडकी उघडली. ताईने डोकं बाहेर काढलं.

"हळू बोल की," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "लोक ऐकतायत."

मावशीने खिडकीची चौकट धरली.

"आणि काय गं, बुरशीला करवतीच्या खुणा असतात होय?"

"म्हणजे तुला... कधीपासून?"

"खुणा पाहिल्या तेव्हा नुसती शंका आली होती. पण कानांची भीती खरी होती, शपथ. मग तुम्ही दोघं मोरीपाशी कुजबुजलात. पूर्वी बाहेरच्या गोंगाटात मला तुमची कुजबुज ऐकू आली असती का? शब्दन्‌शब्द आला. 'भिंतीला किल्ली नसते' म्हणे!" तिने मागे वळून पाहिलं. भाऊजी पेट्यांच्या आड व्हायचा प्रयत्न करत होते. "फोम चांगला मारलायस हो."

"मग गाडी?"

"रद्दीवाल्याची. पेट्यांत ह्यांची जुनी मासिकं आहेत. पोराला त्याच दिवशी कळवलं मी, आम्ही कुठे येत नाही म्हणून. बाबांची छाती बरी आहे, आईचं घर उबदार आहे." मग तिने बोट उगारलं. "होतंच."

शिंपी हसला. पाववाला हसला. हसण्याचा आवाज उघड्या खिडकीतून आत गेला आणि ताईचा चेहरा उजळला.

शिक्षा झालीच. स्टुलाशेजारी, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असं एक आरपार भोक पाडायचं, आणि ते मावशीने स्वतःच्या हाताने पाडायचं. आयुष्यभर भोकं बुजवलेली बाई ड्रिल घेऊन भिंतीपुढे उभी राहिली. दात उपटून घेताना माणूस जसा दिसतो तशी दिसत होती. भाऊजी कानटोपी घालून शेजारी उभे होते, सावधगिरी म्हणून.

भोकाला बाटलीचं बूच बसवलं. ताई स्टुलावर बसली, बूच काढलं, कान लावला. बाहेर शिंपी कुणा गिऱ्हाइकाला आजचाच किस्सा रंगवून सांगत होता. ताईने ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि बूच परत लावलं.

"चुकीचं सांगतोय मेला," ती म्हणाली. "जाऊन नीट सांगायला हवं."

आणि जी बाई कधी कुणाच्या दारात गेली नव्हती, ती चपला घालून शिंप्याच्या बाकाकडे निघाली. जाताना बूच काढून मुठीत घेतलं. मागे घरात फट न बघवणारी बहीण आणि उघडं भोक. पण भोक उघडं राहिलेलं परवडलं, बूच बहिणीच्या हाती नको; ती ते कायमचंच ठोकून बसवायची.

मावशी भोकाकडे बघत राहिली. पिशवीत काडी होती. तिने पिशवीला हात लावला नाही. भाऊजींना म्हणाली, "आधी चहा टाका."