मास्तरांचं पिस्तूल

बंदुका दुरुस्त करणारा तो म्हातारा कधी ‘नाही’ म्हणत नाही, ‘देखते’ म्हणतो. माझे वडील क्रीडाशिक्षक होते. शर्यत सुरू करायच्या त्यांच्या पिस्तुलाचा घोडा तुटला होता आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. वडील गेल्यानंतरची पहिली शर्यत त्याच पिस्तुलानं सुटावी, एवढंच मला हवं होतं.

“कंपनी मेली सर, लोखंड नाय मेलं,” म्हणत त्यानं सुट्या भागांचे डबे उपसले. एकही घोडा बसेना, तेव्हा कानशीनं नवा घडवला.

प्रत्येक हत्यार तो आधी स्वतः वाजवून बघतो. हे मात्र न वाजवताच दिलं.

“पहिला बार मास्तरांच्या पोरांसमोर होऊ द्या.”

“वाजेल ना?”

“नाय वाजलं तर दुकान बंद करतो.”

गारखेड्याच्या मैदानावर मी चाप ओढला. दणदणीत बार झाला, पोरं सुटली. कडेला उभा असलेला म्हातारा कुणा अनोळखी माणसाला सांगत होता, “ऐकला का आवाज? मास्तरांचा हाय.”